खाणीच्या तोंडाशी अडवलेली बाई : कलम ४६ चा प्रकरण अभ्यास

३१ ऑगस्ट २०२१ रोजी झारखंडमधील उत्तर कर्णपुरा क्षेत्रातील चुरी या भूमिगत कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी ही तरुण खाण अभियंता कामावर रुजू झाली. सिंद्रीच्या बीआयटीमधून पदवी घेऊन आणि राजस्थानातील जस्ताच्या खाणीत सुमारे तीन वर्षे काम करून ती कोल इंडियाच्या सेंट्रल कोलफिल्ड्स या सरकारी उपकंपनीत आली होती. कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत उतरणारी पहिली महिला खाण अभियंता म्हणून देशभरातील वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. मात्र ‘पहिली’ हा शब्द वाचताना मला थांबावेसे वाटते. अभियंता म्हणून ती पहिली होती, पण बाई म्हणून नव्हे. तिच्या आधी शंभर वर्षांपूर्वी त्याच छोटा नागपूरच्या पट्ट्यात, झरिया आणि राणीगंजच्या खाणींमध्ये, हजारो बाया दररोज जमिनीखाली उतरत होत्या. त्यांना बाहेर कोणी काढले, कोणत्या कारणाने काढले आणि पुढे दार उघडले तेव्हा आत कोण आले, एवढ्याच प्रश्नांपुरता हा अभ्यास मर्यादित आहे. त्याच्या केंद्रस्थानी आहे स्त्रियांना भूमिगत कामाची मनाई करणारे, १९५२ च्या खाण अधिनियमातील कलम ४६.

कामिन

झरियाच्या खाणीतील मजूर स्त्रीला ‘कामिन’ म्हणत. कोळसा तोडणारा तो मलकट्टा. बहुतेक ठिकाणी नवरा-बायको मिळून एक जोडी असे. नवऱ्याने सबल आणि गैतीने कोळसा पाडायचा, बायकोने तो टोपलीत भरून डोक्यावरून रुळांवरच्या डब्यापर्यंत वाहून न्यायचा, आणि मजुरी मिळायची ती भरलेल्या डब्यांच्या हिशेबाने, दोघांची मिळून. संथाळ, बाउरी आणि इतर आदिवासी व दलित जातींतील ही कुटुंबे होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कोळसा खाणींतील मजुरांपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा स्त्रियांचा होता.

या चित्राला सोनेरी कड लावण्याचे काही कारण नाही. छताला पुरेसा आधार नसे, हवा कोंदट असे, तान्ही मुले सोबत आणली जात, पायाखाली पाणी साचलेले असे. तरीही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन चढणीवरून डब्यापर्यंत जाण्याला जे बळ लागते, त्यापेक्षा अधिक बळाचे काम खाणीत फार थोडे असते. ‘खाणकाम बायकांच्या ताकदीबाहेरचे’ हे वाक्य पुढच्या काळात इतक्या सहजपणे बोलले गेले, पण ते बोलणाऱ्यांच्या आधीच्याच पिढीने त्या कामाचा निम्मा भार बायकांच्या डोक्यावर दिला होता.

१९२९ च्या नियमांनी स्त्रियांना भूमिगत कामातून बाहेर काढण्यास प्रारंभ केला. कोळशाच्या आणि मिठाच्या काही खाणींना एकदम बंदी न घालता दरवर्षी संख्या कमी करत नेण्याची सवलत मिळाली. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या भूमिगत कामाविरुद्धचा क्रमांक ४५ चा ठराव संमत केला, १९३७ मध्ये भारतात बंदी पूर्ण लागू झाली आणि १९३८ मध्ये भारताने तो ठराव मान्य केला. या सगळ्यामागे खरी कळकळ नव्हती असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या छताखाली बाई सुरक्षित नव्हती त्याच छताखाली तिचा नवरा दुसऱ्या दिवशीही उतरत होता. धोका होता तिथेच राहिला, फक्त धोक्यात उतरणाऱ्यांची यादी बदलली. जोडीची मजुरी एकट्यावर आली आणि बाईला खाणीच्या तोंडाशी, कमी मजुरीच्या भराईच्या कामावर, पृष्ठभागावर थांबावे लागले.

१९४३ : बंदी उठते, पुन्हा लागते

दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळत असल्याने खाणीतले मजूर तिकडे वळले. १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली, प्रथम मध्य प्रांतात आणि मग बंगाल, बिहार, ओरिसात. म्हणजे आजच्या विदर्भाचा ज्या प्रांतात समावेश होता त्याच प्रांतापासून हा बदल सुरू झाला.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरून त्यांनी काम पाहिले. बंदी उठवण्याच्या निर्णयावर देशात आणि ब्रिटनमध्येही टीका झाली. महिलांच्या संघटनांचाही विरोध होता आणि त्या विरोधामागची भावना प्रामाणिक होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या विषयावर चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी हा निर्णय आणीबाणीतील तात्पुरता उपाय असल्याचे मांडले. परंतु त्याच उत्तरात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी देण्याची अट घातलेली असून, स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व कोणत्याही उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मला हा प्रसंग या संपूर्ण प्रकरणाचा कणा वाटतो. स्त्रियांच्या भूमिगत कामाकडे पाहण्याची दुसरी एक वाट इथे क्षणभर दिसली होती. बाईला आत जाऊ द्यायचे की नाही, हा त्या वाटेवरचा मुख्य प्रश्न नव्हता. ती आत असताना तिला काय मिळेल, हा होता. पण १९४६ च्या सुरुवातीला बंदी पुन्हा लागू झाली आणि ती वाट तिथेच बंद पडली.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५२ च्या खाण अधिनियमात कलम ४६ आले. त्याने दोन गोष्टी सांगितल्या : खाणीच्या भूमिगत भागात कोणत्याही स्त्रीला कामावर ठेवता येणार नाही, आणि पृष्ठभागावरही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर ठेवता येणार नाही. वेळेत फेरफार करण्याचा अधिकार सरकारला होता, पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ त्यातूनही वगळलेली होती. भूमिगत खाणीची ही मनाई पुढची सदुसष्ट वर्षे तशीच राहिली. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून सुमारे ३७५ कामगार बुडाले. ते पुरुष होते म्हणून ती खाण सुरक्षित ठरली नव्हती.

यंत्र आले तेव्हा कोण गेले

तंत्रज्ञानाने बायकांना वाट मोकळी करून दिली असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. कोळसा खाणींचा इतिहास पाहिला तर पहिल्या टप्प्यात नेमके उलट घडलेले दिसते.

१९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. नोकरी पक्की झाली, पगार वाढला, भविष्य निर्वाह निधी आला. खाणीतील काम हे हलक्या जातीचे आणि हलक्या मजुरीचे काम न राहता घरातल्या कर्त्या पुरुषाला मिळावी अशी सरकारी नोकरी झाले. त्याच सुमारास टोपलीची भराई मागे पडू लागली. साइड डिस्चार्ज लोडर आणि एलएचडी ही भराईची व वाहतुकीची यंत्रे भूमिगत खाणीत आली आणि ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या, खाणींत फावड्याऐवजी शॉवेल आणि डंपर आले. यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण पुरुषांना मिळाले. यंत्रामुळे जे काम नाहीसे झाले ते पृष्ठभागावरच्या भराईचे होते आणि तेच बायकांचे होते.

उरलेल्या कामिनींकडे कोणती कामे आली हे पाहण्यासारखे आहे. सुरुंगाचे भोक बुजवण्यासाठी मातीचे गोळे वळणे, झाडलोट, दिव्याच्या खोलीतली मदत, कॅन्टीन, कार्यालयात पाणी देणे. मातीच्या गोळ्यांचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. चिकणमाती भिजवून, तळहातावर फिरवून, बोटभर जाडीच्या वळकट्या करायच्या आणि त्या ओळीने वाळत ठेवायच्या. खाली खाणीत सुरुंग लावणारा माणूस स्फोटकानंतर त्या वळकट्या भोकात ठासतो, कारण ठासणी नीट नसेल तर ज्वाला बाहेर येऊन मिथेन पेटण्याचा धोका असतो. म्हणजे पृष्ठभागावर बसलेल्या बाईच्या हातची माती हा खाणीच्या सुरक्षेचा भाग होता. पण ती माती जिथे वापरली जात होती तिथे त्या बाईला, तिच्याच सुरक्षेच्या कारणाने, जाण्याची मनाई होती.

पुढे कोल इंडियाच्या कंपन्यांनी महिला कामगारांसाठी विशेष स्वेच्छानिवृत्ती योजना आणल्या, ज्यांत बाईने नोकरी सोडली तर तिच्या जागी मुलाला घेण्याची तरतूद होती. आईच्या मनात काय चालले असेल हे सांगायला नको. घरात बेकार मुलगा असताना ‘मी माझी नोकरी ठेवते’ असे म्हणणारी आई विरळाच. कायद्याच्या भाषेत ही स्वेच्छा होती. अनुकंपा नियुक्तीतही असेच एक टोक दिसते : राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार कामगार दगावल्यास त्याच्या स्त्री वारसाला नोकरी किंवा दरमहा रोख भरपाई यांपैकी निवड करण्याचा पर्याय दिलेला होता. वरवर पाहता हा जास्तीचा हक्क आहे. व्यवहारात, नोकरी द्यायला पृष्ठभागावर जागाच उरली नसेल तर तो पर्याय कोणत्या बाजूला झुकतो हे समजणे अवघड नाही.

प्रमाणपत्राचे कुलूप

कलम ४६ चा दुसरा परिणाम कमी दिसणारा होता. खाणीचा व्यवस्थापक होण्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रथम किंवा द्वितीय श्रेणीचे सक्षमता प्रमाणपत्र लागते, आणि ते पूर्ण स्वरूपात मिळवण्यासाठी भूमिगत कामाचा अनुभव लागतो. स्त्रीला भूमिगत कामाची मनाई असल्यामुळे तिला अनुभव नाही, अनुभव नसल्यामुळे पूर्ण प्रमाणपत्र नाही, फार तर ओपनकास्टपुरते मर्यादित प्रमाणपत्र. त्यामुळे शिक्षणसंस्थांनीही हात आखडता घेतला. आयआयटी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत खाण अभियांत्रिकीसमोर ‘विद्यार्थिनींना प्रवेश नाही’ अशा अर्थाची टीप कित्येक वर्षे छापली जात होती.

नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना याच कारणासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १९९० च्या दशकात खाण अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळावा म्हणून त्या लढल्या आणि १९९९ मध्ये पदवी घेऊन देशातील पहिल्या महिला खाण अभियंत्या ठरल्या. पुढे त्यांनी खाण संशोधनाचे क्षेत्र निवडले. एका मुलीला वर्गात बसण्यासाठी न्यायालयात जावे लागते आणि तिच्या वर्गातील मुलांना नाही, ही असमानता खाणीच्या तोंडापासून किती दूरवर पसरली होती हे यावरून कळते.

२०१९ ची अधिसूचना

२९ जानेवारी २०१९ रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने खाण अधिनियमाच्या कलम ८३ खालील अधिकार वापरून स्त्रियांना कलम ४६ मधून सशर्त सूट दिली. ओपनकास्टसह पृष्ठभागावरच्या कामांवर संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेतही स्त्रियांना ठेवता येईल. भूमिगत खाणीत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामावर, जिथे सततची उपस्थिती आवश्यक नसेल तिथे, ठेवता येईल. दोन्ही ठिकाणी स्त्रीची लेखी संमती हवी, सुरक्षेच्या आणि आरोग्याच्या सोयी हव्यात आणि पाळीत किमान तीन स्त्रियांचा गट हवा.

या अटी बारकाईने वाचायला हव्यात. ‘तांत्रिक, पर्यवेक्षी, व्यवस्थापकीय’ ही मर्यादा २०१९ मध्ये नव्याने सुचलेली नाही. १९३५ च्या ठरावातच व्यवस्थापनाच्या जागांवरील, अंगमेहनत न करणाऱ्या स्त्रियांसाठी अपवाद ठेवला होता. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी उघडलेले दार मूळ भिंतीतच आखून ठेवलेल्या चौकटीएवढे होते. ‘सततची उपस्थिती आवश्यक नसेल’ ही अट तर पर्यवेक्षणाच्या गाभ्यालाच धक्का लावते. खाणीतला ओव्हरमन किंवा सरदार या पाळीवरच्या पर्यवेक्षकांचे कामच मुळी पाळीभर आपल्या हद्दीत असणे, छत ठोकून पाहणे, वायू तपासणे हे आहे. ज्याला जागा सोडता येत नाही त्याच्या पदावर, जिला जागेवर सतत राहता येत नाही अशा बाईला कसे नेमायचे, याचे उत्तर अधिसूचनेच्या शब्दांत मिळत नाही.

तीन जणींच्या गटाच्या अटीबद्दल माझे मत मिश्र आहे. मराठीत आपण ‘सुरक्षा’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे छत, वायू, पाणी, यंत्र यांपासूनची सुरक्षा. दुसरी म्हणजे राखण : अंधाऱ्या, एकाकी जागी कोणी त्रास देऊ नये म्हणून सोबत असणे. पहिल्या सुरक्षेची हमी खाणमालकाने सर्वांनाच द्यायची असते. दुसरीचा भार अधिसूचनेने बाईच्या सोबतिणींवर टाकला आहे. सोबत असणे प्रत्यक्षात मोलाचे आहे, हे कोणत्याही बाईला पटवून द्यावे लागत नाही. मात्र जिथे एकच महिला अभियंता नेमली गेली आहे अशा खाणीला हा नियम पाळायचा तर आणखी दोघींना नेमावे लागेल किंवा तिला टेबलावर बसवावे लागेल, आणि यातला कोणता मार्ग स्वस्त आहे हे व्यवस्थापनाला चांगले ठाऊक असते.

दिवा, बूट आणि बटण

प्रत्यक्ष बदल कुठे झाला हे पाहायचे तर खाणीच्या तोंडाजवळच्या लॅम्परूममध्ये उभे राहावे. काही दशकांपूर्वी इथून मिळणारा दिवा म्हणजे टोपीवरचा प्रकाश आणि कमरेला बांधलेली आम्लाची जड बॅटरी, दोन किलोंहून अधिक वजनाची, तिच्यातून वर जाणारी वायर आणि पट्ट्यावर लटकणारा सेल्फ-रेस्क्यूअर. आजचा लिथियम बॅटरीचा एलईडी दिवा काही शे ग्रॅमचा असतो. कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवणारा रेस्क्यूअर अजूनही कमरेलाच असतो. मिथेन पाहण्यासाठी ज्योतीचा दिवा उंचावून निळसर टोपी किती चढली हे डोळ्यांनी ओळखण्याऐवजी आता आकडा दाखवणारे डिटेक्टर आणि पृष्ठभागावरच्या खोलीत सतत नोंद देणारी यंत्रणा आली आहे. लाकडी टेकूंऐवजी छताला बोल्ट मारले जातात. २००२ मध्ये चिरिमिरीच्या अंजन हिल खाणीत भारतातले पहिले कंटिन्युअस मायनर हे कोळसा सलग कापत जाणारे यंत्र चालू झाले.

राजस्थानातील हिंदुस्थान झिंकच्या सिंदेसर खुर्द खाणीत भूमिगत यंत्रे पृष्ठभागावरच्या खोलीत बसून चालवण्याची व्यवस्था आहे, आणि त्या कंपनीने महिलांचे भूमिगत बचाव पथकही उभे केले आहे. बचाव पथकाचे महत्त्व मला पडद्यामागच्या बटणापेक्षा अधिक वाटते. दूरनियंत्रणाच्या खुर्चीतून बाई यंत्र चालवते तेव्हा ती धोक्यापासून दूर असते आणि जुना समज अबाधित राहतो. श्वसनयंत्र पाठीवर बांधून ती दुसऱ्याला काढायला धुरात शिरते तेव्हा रक्षण करणारा कोण आणि रक्षिला जाणारा कोण, ही वाटणीच बदलते. झारखंडमधील नोआमुंडी या टाटा स्टीलच्या लोहखनिज खाणीत अवजड यंत्रे चालवण्यासाठी स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे पूर्णपणे महिलांची पाळी सुरू झाली. ती ओपनकास्ट खाण आहे, तरी या प्रकरणात तिचे वेगळे मोल आहे : तिथे चालकाच्या आसनावर बसलेल्या स्त्रिया आसपासच्या गावांतल्या आहेत, केवळ अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आलेल्या नाहीत.

त्यामानाने साध्या गोष्टी मागे आहेत. बुटाचे माप, हातमोज्याचे माप, कमरपट्ट्याची छिद्रे पुरुषी शरीर धरून बनतात. सैल बूट घालून उतरणीवरून चालणे हा सौंदर्याचा प्रश्न नसून पाय घसरण्याचा प्रश्न आहे. भूमिगत भागात स्वच्छतागृह बहुधा नसतेच. पुरुष अंधारात आडोसा शोधतात. बाई सकाळपासून पाणी कमी पिते, आणि उष्ण, दमट हवेत सात-आठ तास पाणी न पिणे हा थेट आरोग्याचा धोका आहे. १९५९ च्या नियमांनी कोळसा खाणींच्या तोंडाशी स्नानगृहे आणि १९६६ च्या नियमांनी पाळणाघरे सांगितली होती. त्यामुळे या गोष्टी नव्या नाहीत, फक्त कामिनी गेल्यानंतर त्या कुणाच्या हिशेबात राहिल्या नाहीत.

दार आणि उंबरठा

जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९३५ चा तो ठराव रद्द केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० लागू झाली आणि १९५२ चा खाण अधिनियम तिच्यात विलीन झाला. या संहितेच्या कलम ४३ नुसार सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांना नेमले जाण्याचा हक्क आहे, आणि संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ पूर्वी काम करायचे तर त्यांची संमती हवी. कलम ४४ मध्ये धोक्याच्या कामासाठी, नेमणुकीपूर्वी पुरेशी सुरक्षा पुरवण्याची मागणी सरकार मालकाकडे करू शकते. ‘धोका आहे म्हणून तू येऊ नकोस’ याऐवजी ‘धोका आहे म्हणून तू आधी सोय कर’ असे हे कलम म्हणते, आणि बोट बाईकडून मालकाकडे वळते. फेब्रुवारी १९४४ मध्ये दिसलेल्या वाटेशी हे नाते जोडता येईल, असे मला वाटते.

उरतो तो माणसांचा प्रश्न. १९३७ मध्ये बाहेर काढल्या गेलेल्या बाया संथाळ आणि बाउरी होत्या, टोपली वाहणाऱ्या होत्या, निरक्षर होत्या. २०१९ नंतर आत आलेल्या बाया पदवीधर आहेत, पर्यवेक्षक आहेत. दुसऱ्या गटाच्या यशाने पहिल्या गटाचे नुकसान भरून निघत नाही, कारण ही तीच माणसे नाहीत आणि त्यांची घरेही तीच नाहीत. सर्व प्रकारच्या कामांचा हक्क संहितेने दिला असला तरी लोडर, ड्रिल किंवा बोल्टर चालवण्याचे प्रशिक्षण कोणाला मिळते, यावर त्या हक्काचा खरा अर्थ ठरणार आहे.

नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, माजरी या क्षेत्रांत ज्यांची शेती खाणीत गेली अशी घरे गावोगाव आहेत, आणि जमिनीच्या मोबदल्यातील नोकरी बहुतेकदा मुलाच्या नावावर जाते. अशा एखाद्या घरातील मुलीने आपल्या नावावर नोकरी मागितली आणि पृष्ठभागावरच्या कार्यालयाऐवजी यंत्रचालकाच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरला, तर त्या अर्जावर पहिली सही घरातल्यांची लागेल, दुसरी खाण व्यवस्थापकाची, आणि त्या सहीआधी लॅम्परूममध्ये तिच्या मापाचे बूट मागवावे लागतील.